कुकीवर तूप

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणालाही ‘व्हीगन’ म्हणजे दूध-तूपसुद्धा नाही, हे समजावून सांगायला जा, एक किस्सा घेऊनच परत याल. मी वर्षभर घरी चॉकलेट कुकीज भाजतेय, त्यामुळे माझ्याकडे किश्श्यांचा ढीग साठलाय. आणि हे फॅड नाहीये हो! माझ्या नऊ वर्षांच्या सईला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध, लोणी, तूप, काहीही पोटात गेलं की तिचे ओठ सुजतात, दम लागतो. इतकं साधं आहे. पण साधं सांगितलेलं आमच्याकडे कुणाला पटत नाही.

*

सुरुवात घरातूनच झाली. पहिली खेप मी जीव ओतून केली. कणीक, कोको, गूळ, खोबऱ्याचं तेल, वर डार्क चॉकलेटचे जाड तुकडे. सईने अर्धी कुकी खाल्ली आणि ओठ सुजले. तिला घेऊन डॉक्टरांकडे धावले. परत येऊन एकेक पाकीट तपासत बसले, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “ट्रेला बोटभर साजूक तूप लावलं होतं मी. चिकटल्या असत्या. आणि तूप म्हणजे काही दूध नव्हे.”

आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो. ‘चुकलं’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही.

*

मग चॉकलेट. शनिवार पेठेतल्या एका दुकानात गेले आणि ज्यात दूध अजिबात नाही असं द्या म्हटलं. मालकांनी पेपरातून डोकं वर काढलं. त्यांनी दिलेल्या पाकिटावर दूध स्पष्ट छापलेलं होतं. मी दाखवलं, तर म्हणाले, अगदी नावाला आहे. नावालाही नको म्हटल्यावर त्यांनी पाकीट परत कपाटात ठेवलं.

“मग बाई, कोळसा खा.”

आणि पुन्हा पेपरात!

*

दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंना मात्र कुकीज फार आवडल्या. रेसिपी लिहून घेतली, सईची काळजीही केली. चार दिवसांनी माझा डबा परत आला. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून भरलेला, आणि वर चिठ्ठी, ‘खास सईसाठी’.

मला भरून आलं. फोन करून आभार मानले, तर काकू खुशीत म्हणाल्या, “रेसिपी तुझीच गं. लोण्याची तेवढी उणीव होती, ती मी भरून काढली.”

डबा मी ऑफिसात वाटला. सगळ्यांनी विचारलं, तुझ्या नेहमीच्या इतक्या छान का नसतात?

*

गणपतीत आमच्याकडे रोजच्या आरतीचा प्रसाद एकेका घराकडे असतो. पेढे, बर्फी, तुपातला शिरा. सई दरवर्षी हात मागे बांधून उभी राहते आणि कुणीतरी हमखास तिला ऐकवतं की प्रसादाला नाही म्हणू नये. त्या वेळी तिचा चेहरा बघवत नाही. यंदा आमची पाळी आली तेव्हा मी ठरवलं, कुकीज करायच्या. एकदा तरी तिने सगळ्यांबरोबर, त्याच ताटातला प्रसाद खायचा.

चेअरमन आडवे आले. प्रसादाला बिस्किटं? मी चिडून एकेक जिन्नस मोजून दाखवला. खोबऱ्याचं तेल म्हटल्याबरोबर त्यांनी हात वर केला. “नारळ आहे ना? मग आधी सांगायचं!”

*

साठ कुकीज केल्या. सासूबाईंना ओट्यापाशी फिरकू दिलं नाही.

आरती संपली. सई ताटासमोर पहिली उभी होती, हात पुढे करून. नैवेद्य दाखवायचं काम कुलकर्णी काकूंकडे. त्यांनी तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि तुपाची वाटी उचलली. मी मागे, समया सांभाळत. ओरडेपर्यंत त्यांचा चमचा ताटावर आलासुद्धा होता.

“अगं, अन्नशुद्धी नको का?” काकू म्हणाल्या आणि त्यांनी चमचा कलता केला.

गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून आरती म्हणणाऱ्या सासूबाई कधी उठल्या ते मला कळलं नाही. दोन्ही हातांची ओंजळ त्यांनी ताटावर धरली होती. सगळं तूप तिथे पडलं. ओंजळ तशीच छातीशी धरून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

“सई, तुझ्या हाताने घे बाळा,” त्या म्हणाल्या. “माझ्या बोटांना तूप लागलंय.”