गयाअक्कांचा समुद्र

धाराशिवच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या साहेबांना गयाअक्कांचा प्रश्न पाठ झाला होता. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आधी एके सकाळी त्या खिडकीसमोर येऊन उभ्या राहायच्या. दोन्ही हातांत वाकळांची गाठोडी. आत वाकून विचारायच्या, "सायेब, समुद्राला जायला कुठली गाडी हाय?"

साहेब हसायचे. "अक्का, समुद्र काय आपल्या जिल्ह्यात हाय का? आधी सोलापूर गाठा, म्होरचं तिथं इचारा."

सोलापूरच्या पुढचा सगळा रस्ता अक्कांना तोंडपाठ होता, तरी त्या विचारायच्या. "इचारून निघालं की कुणाला तरी ठावं ऱ्हातं, बाई कुठं गेली ते," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुलगा दत्ता न सांगता गेला होता.

धाराशिवजवळच्या बेंबळी गावात आमचं घर आणि अक्कांचं घर यांच्यामध्ये एक भिंत. मी धाराशिवच्या शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाऊन येऊन. अक्का मला नावानं हाक मारत नसत, 'बाई' म्हणत. अंगानं उंच, रंगानं काळ्यासावळ्या, आणि आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरची गाडी थांबावी. नवरा लवकर गेला. थोडी जमीन होती, ती त्या वाट्यानं द्यायच्या आणि वाटेकऱ्यापेक्षा जास्त वेळ स्वतःच त्या रानात असायच्या. जीभ तिखट होती. गावात कुणाची चूक झाली की पहिला शब्द अक्कांचा. पण मी त्यांच्या शेजारी राहायला आले तोवर ती जीभ आवरलेली होती. कुणी बायका भांडायला लागल्या की अक्का मध्ये पडून म्हणायच्या, "बया, शब्द म्हंजी गोफणीतला धोंडा. सुटल्यावर मागनं पळून काय उपेग?" तेव्हा मला ती नुसती म्हण वाटायची.

वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली. अक्कांच्या वाकळा आखूड असत. माणसाच्या अंगाभोवती दोनदा गुंडाळता येईल एवढ्याच. गल्लीतल्या बायका दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून शिवू लागत. कंडक्टर गाठोडी टपावर टाका म्हणाला की अक्का त्याच्याशी वाद घालत नसत. गाठोडी सीटवर ठेवायच्या आणि आपण दांडा धरून उभ्या राहायच्या. "वाकळ भिजली, तर ज्याला पांघरायची त्यानं कुडकुडत ऱ्हायाचं का?" बहुतेक कंडक्टर मग तिकीट फाडून पुढं सरकत.

ज्यांना पांघरायची ते लोक कोकणात होते. समुद्रात बुडणाऱ्यांना काढायला होड्या घेऊन धावणारे मच्छीमार. त्यांना कुणी नेमलेलं नसतं. पर्यटक पाण्यात ओढला गेला, किनाऱ्यावर आरडाओरडा झाला, की हातातलं जाळं टाकून हे होडी लोटतात. अक्का दरवर्षी किनाऱ्याकिनाऱ्यानं, गावोगावच्या एसटीनं त्यांच्याकडं जायच्या. खाडी आली की बसमधून उतरायचं, फेरीबोटीतून पलीकडं जायचं, तिथं दुसरी बस धरायची. वाटेतल्या गावांत एकेक दोनदोन वाकळा ठेवत पुढं निघायच्या. पाण्यातून काढलेलं माणूस वाऱ्यावर थरथर कापतं, त्याला गुंडाळायला होडीत काहीतरी असावं म्हणून. बेंबळीतले लोक म्हणायचे, अक्काला पुण्य पाहिजे. अक्का म्हणायच्या, "पुण्य कशाचं घेऊन बसलाव? माझं एक देणं हाय तिकडं." काय देणं, ते मात्र सांगत नसत.

एका वर्षी त्यांचा गुडघा फार सुजला. एकटीला सोडवेना म्हणून मी सुट्टी काढून सोबत गेले. सोलापूरहून कोल्हापूर, तिथून रत्नागिरी. मुक्कामाला एका लॉजमध्ये उतरलो, आणि तिथं पाय चेपून घेता घेता अक्कांनी मला सगळं सांगितलं.

दत्ता बारावी होऊन गाड्यांच्या दुकानात लागला होता. मित्रांबरोबर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातो म्हणून निघाला. दर्शन झाल्यावर पोरांनी जीप तशीच पुढं कोकणात नेली. आमच्याकडच्या पोरांना विहीर माहीत, पाझर तलाव माहीत. विहिरीत पट्टीचा पोहणारा दत्ता समुद्रात उतरला आणि ओहोटीच्या ओढीनं आत गेला. अक्का दिराला घेऊन तिथं पोचल्या तेव्हा शोध चालूच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी तांडेल नावाच्या मच्छीमारानं त्याला पाण्यातून काढून खांद्यावर आणलं आणि अक्कांसमोर वाळूवर ठेवलं. भिकाजीनं त्याच किनाऱ्यावर आजवर कितीतरी माणसं जिवंत काढली होती. अक्कांना ते कुठं माहीत? त्यांना एवढंच दिसलं, की याचं घर पाण्याला लागून आहे आणि आपलं पोर मेलं आहे.

"म्या त्याची गचांडी धरली, बाई," अक्का म्हणाल्या. "समद्या गावाम्होरं म्हणलं, तू बसून बघत हुतास. तुज्या हातानं आता कुणीबी वाचायचं न्हाय. कंदीच न्हाय."

त्या गावी परतल्या. वर्षं गेली. एकदा गिरणीत दळण घेऊन उभ्या असताना कोकणात जाऊन आलेली दोन माणसं बोलत होती. एका किनाऱ्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत एक जण बुडाला. किनाऱ्यावरचे लोक हळहळत होते, की इथला तांडेल पूर्वी जायचा, आता जात नाही. तुमच्याच भागातल्या एका बाईनं त्याच्या हाताला शाप दिला, तेव्हापासून तो बुडणाऱ्याच्या अंगाला हात लावायला भितो. म्हणतो, मी धरला तर जगणारा मरेल.

अक्कांनी दळण तिथंच सोडलं. घरी येऊन ट्रंकेतली एक वाकळ काढली. मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये म्हणून. आणि निघाल्या.

भिकाजीनं त्यांना पाहिलं आणि तो घरात निघून गेला. वाकळ त्याच्या बायकोनं ठेवून घेतली. पुढच्या वर्षी ती म्हणाली, "अक्का, त्या वाकळेत शेजारच्या होडीवाल्यांनी एका पोरीला गुंडाळून आणली. लय उपयोग झाला." तेव्हापासून वाकळा वाढल्या, गावं वाढली. पण शेवटचा थांबा तोच राहिला. दरवर्षी भिकाजी आत जायचा आणि अक्का बंद दाराकडं तोंड करून म्हणायच्या, "दादा, म्या बोलले ते खोटं हुतं. माजा शब्द म्या परत घेते." मग बायकोनं दिलेला चहा पिऊन परतीच्या बसला यायच्या.

दुसऱ्या दिवशी, वाटेतल्या गावांच्या वाकळा देऊन झाल्यावर, मी ते गाव पाहिलं. बस उतारानं खाली आली आणि सुरूच्या झाडांपाशी थांबली, कारण पुढं रस्ताच नव्हता. भिकाजी अंगणात जाळं शिवत बसला होता. वाळलेल्या अंगाचा, पांढऱ्या केसांचा माणूस. आम्हाला पाहून तो उठला. नेहमीप्रमाणे आत जाणार असं वाटलं, पण अक्कांचा लंगडता पाय त्यानं पाहिला आणि थांबला. बायकोला म्हणाला, "खुर्ची दे त्यांना."

अक्का बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "दादा, म्या बोलले ते खोटं हुतं."

"खोटं नव्हतं," भिकाजी म्हणाला.

मी अक्कांकडं पाहिलं. त्यांना ऐकू आलं की नाही कळेना.

"तुमच्या पोराला पाण्यात जाताना मी बघितलं होतं. ओहोटी लागलेली. इथनंच ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. पण रोज ओरडायचं, आणि लोकांनी हसायचं, शिव्या द्यायच्या. कंटाळा आलेला. त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे, नाय ओरडत. जाळं शिवत बसलो." त्याचे हात दोऱ्याशी चाळा करत होते. "मग आरडाओरडा झाला तेवा धावलो. तुम्ही बोललात ते बरोबर बोललात. दरवर्षी येऊन खोटं होतं म्हणता, ते मला ऐकवत नाय."

अक्का वळल्या आणि बसच्या दिशेनं चालायला लागल्या. गाठोडं मी त्याच्या ओट्यावर ठेवलं आणि मागं धावले. त्या दिवशी चहा झाला नाही. निघता निघता भिकाजीच्या बायकोनं माझा फोन नंबर मागून घेतला आणि स्वतःचा दिला.

 परतीच्या वाटेत कोल्हापूरला मी भजी आणली, ती तशीच राहिली. सोलापूर जवळ आल्यावर खिडकीकडं बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं वाटायचं, म्या माफी मागाया जाते. आता त्याला माफ करायचं काम बी माज्याच गळ्यात आलं की गं बाई." आणि थोड्या वेळानं, "न्हाय व्हायचं माज्यानं."

मला वाटलं, संपलं. आता त्या कोकणाचं नाव काढणार नाहीत. त्या वर्षी ओट्यावर वाकळ शिवायला कुणी बसलं नाही. बायका विचारायच्या, अक्का काहीतरी कारण सांगायच्या. दत्ताचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून मांडीवर घेतलेला मी एकदोनदा पाहिला. पण पावसाळा सरला, सोयाबीन निघालं, आणि एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, जुनी लुगडी हायत का?"

त्या वेळी त्या एकट्याच गेल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या. आल्यावर मी विचारलं, काय झालं?

"म्या त्याला सरळच इचारलं," अक्का म्हणाल्या. "तू वरडला न्हाईस. म्या तुला शाप दिला. ते तुजं आन् माजं. पर आता जे लेकरू बुडाया लागंल, त्यानं आपलं दोघांचं काय वाकडं केलंय?"

"मग? काय म्हणाला?"

"काय बी न्हाय. खाली बघून बसला." अक्का वहाणा काढून बाजूला ठेवत म्हणाल्या, "चहा मातुर त्यानं सोता आणून दिला."

त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं, पण हलकेपणा होता. पुढच्या उन्हाळ्यात त्या दोनतीनदा भिकाजीचं नाव घेऊन बोलल्या. पूर्वी 'तो मानूस' म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "मे म्हैन्यात तिकडं लोक लई येतेत. भिकाजी काय करायलाय कुणास ठावं."

आषाढात अक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. धाराशिवला दवाखान्यात ठेवलं, थोडं बोलता येऊ लागलं तेव्हा घरी आणलं. शाळेतून आले की मी त्यांच्यापाशी बसायची. हात हलत नव्हता, जीभ जड झाली होती, पण मन तिकडंच होतं. एकदा तुटक तुटक म्हणाल्या, "गेला... असंल का... पाण्यात?"

"फोन करून विचारू का, अक्का? नंबर आहे माझ्याकडं."

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "नगं. आसं फोनवर... इचारतेत व्हय? दिवाळीच्या आदी... जाऊन बगते."

त्यांना जाता येणार नाही हे मला दिसत होतं. पण त्यांच्या जाण्याच्या आशेवर मी पाणी कसं फिरवणार? मी फोन केला नाही. श्रावण लागला आणि एका दुपारी अक्का गेल्या. गल्लीतल्या बायकांनी त्यांना त्यांच्याच हातची वाकळ पांघरली.

दिवाळीच्या तोंडावर मी शाळेतून परतत होते. बस बेंबळीत शिरतच होती, तेव्हा फोन वाजला. भिकाजीच्या बायकोचा नंबर. पण आवाज त्याचा होता.

"बाई, ह्या टायमाला अक्का आल्या नायत अजून. पाय दुखतो काय त्यांचा?"

मी बसमधून उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि त्याला सांगितलं. "श्रावणात गेल्या," मी म्हणाले.  मग तो हळूहळू सांगू लागला. मे महिन्यात एक बाप-लेक पाण्यात अडकले होते. दुसऱ्या होड्या लांब होत्या. तो गेला. आधी लेकीला धरलं, होडीत येईपर्यंत सोडलं नाही. मग बापाला. दोघंही जगली. त्यानंतर आणखी दोनदा गेला.

"बायको तेवाच म्हणत होती, अक्काला फोन कर," तो म्हणाला. "मी नाय म्हटलं. म्हटलं, ही गोष्ट तोंडावर सांगायची. त्या बसमधनं उतरतील, बसतील, चहा देईन, मग सांगेन. रोज डोक्यात तेच होतं."

 रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टरं जात होती. तो पुन्हा बोलला तेव्हा आवाज खाली गेला होता.

"त्यांना कळलंवतं काय हो? कोणाकडनं तरी? की मी गेलेलो ते?"

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. एका शब्दानं त्या माणसाचं ओझं उतरलं असतं. पण ज्या बाईनं आपला एक शब्द परत घ्यायला उभा महाराष्ट्र ओलांडला, तिच्या नावानं मला खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," भिकाजी म्हणाला. पुन्हा एकदा "बरं" म्हणाला, आणि फोन ठेवला.