आमच्या गाडीचा दगड

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. फजिती माझी आहे आणि ती माझ्याच हातानं झालेली आहे. हे ‘माझ्याच हातानं’ तेवढं लक्षात ठेवा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीत मी शाळेत मास्तर होतो आणि नुकतीच एक सेकंडहँड गाडी घेतली होती. गाडी झकास, फक्त हँडब्रेक नव्हता. म्हणजे दांडा होता, ओढला की करकर वाजायचा, पण गाडी काही धरायचा नाही. आणि आमचं घर भर चढावर. त्यामुळे रोजचा शिरस्ता ठरलेला. गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करायची, उतरायचं, सीटखालचा जांभ्याचा दगड काढायचा आणि मागच्या चाकाला लावायचा. आठ महिने हेच चाललं होतं.

सासरे म्हणायचे, “जावयानं दगड विकत घेतलान, गाडी वर फुकट मिळाली.”

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. जन्मभर जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, आता हर्ण्याला घरी. शिमग्याला लेकीला न्यायला आले होते. सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, माहेरी पत्र धाडलेलं, की या वर्षी पालखीच्या दर्शनाला आम्ही आपल्या गाडीनं येतोय. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि दगडाकडे बघून म्हणाले, “नांगर नसलेल्या होडीत मी माझी लेक बसवायचा नाही. ब्रेक धरला तर गाडी, नाहीतर उद्या सकाळची एसटी.”

सुनंदा गाडीतून जाताना नेसायची नवी साडी मुकाट्यानं पिशवीत भरायला लागली. मला ते बघवेना.

बरं, गाडी मेस्त्रीकडे न्यावी, तर शिमग्यात मेस्त्री मिळतो का कोकणात? आमचा मेस्त्री पालखी नाचवायला गावी गेलेला. हातखंब्यापर्यंत जाऊन आलो, सगळी गॅरेजं बंद. पाच दिवसांनी या, म्हणे. पाच दिवस? मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. आई म्हणायचीच, याच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा.

“मीच करतो,” मी म्हटलं.

“अहो, तुम्ही दुरुस्त केलेला पंखा अजून उलटा फिरतोय,” सुनंदा म्हणाली.

मी ऐकतोय कशाला? जॅक लावला, खाली चिरे रचले आणि शिरलो गाडीखाली. वायर सोडवली, घासली, तेल पाजलं, परत जोडली. नट आवळला. बाहेर आलो, बरं वाटेना, परत आत जाऊन आवळला. असं चार वेळा. तेवढ्यात दोनदा घड्याळ बघितलं आणि एकदा मामा काय करतायत ते. मामा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

शेवटी एक पिन उरली. बोटाच्या पेराएवढी. मी म्हटलं, जास्तीची दिली असेल, आणि ठेवली ओट्यावर. दांडा ओढून बघितला तर काय हलका झालेला. लोण्यात सुरी. खूश झालो हो मी.

लगेच परीक्षा. गाडी चढावर नेली, गिअरमध्ये बंद केली, हँडब्रेक ओढला, खाली उतरलो. मग खिडकीतून हात घालून गिअर काढला. श्वास रोखून उभा राहिलो. गाडी ढिम्म.

मला काय झालं सांगू?  असा ओरडलो की शेजारचे गजाभाऊ जेवणावरून उठून आले.

“ढकला,” मी म्हटलं.

गजाभाऊंनी बॉनेटला खांदा लावला. गाडी हलेना. “मास्तर, नोकरी सोडा नि गॅरेज टाका,” ते म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मी तसा विचारही केला.

सुनंदानं साडी पिशवीतून परत बाहेर काढली. हळदकुंकू आणलं, नारळ आणला. मामा उठले, सावकाश गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन आले आणि म्हणाले, “छान. आता गाऱ्हाणं घालून नारळ फोडा. पण फोडणार कशावर? दगड आणा एखादा.”

“आहे की,” मी म्हटलं, आणि तरातरा गेलो. शोधावा लागला नाही. गाडीला खांद्यानं जरा रेटा दिला, पायानं दगड सरकवला, उचलला. आठ महिन्यांची सवय.

दोन पावलं पुढे आलो आणि थबकलो. दगड चाकाखाली होता? तिथं लावला कुणी?

अहो, मीच. उतरल्या उतरल्या हातानं आपलं काम केलं होतं, मला न विचारता.

तोवर गाडी निघाली. आधी जरा विचार केल्यासारखी, मग सरळ उताराला. मी दगड छातीशी धरून मागे, सुनंदा नारळ घेऊन माझ्या मागे, गजाभाऊ उष्ट्या हातानं सगळ्यांच्या मागे. खालच्या खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीत ती मागच्या बाजूनं घुसली तेव्हा थांबली. नुसते दोन दिवे दिसत होते.

मामा तेवढे धावले नाहीत. मी वर आल्यावर ओट्यावरची पिन उचलून त्यांनी माझ्यासमोर धरली. “दांडा आणि वायर यांचं लग्न हिनं लागतं, जावईबापू. तुमचं नुसतं वाङ्निश्चयावर चाललंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी. सुनंदा खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून. वाटेत एका चढावर गाडी चहाला थांबली. डोक्यात कालचंच चाललेलं, बसून बसून जीव कासावीस झाला होता, म्हणून सगळ्यांच्या आधी मी खाली उतरलो.

“ओ पावणे,” कंडक्टर ओरडला, “काय करताय तिथं?”

मी खाली बघितलं. एसटीच्या मागच्या चाकाला मी दगड लावून मोकळा झालो होतो.