तपासायला दिलेली गाठ

घाटनांदूरला माझी मोटारसायकल दुरुस्त करणारा मेकॅनिक प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. परवा मला पाहताच तो हातातला पाना टाकून धावत आला.

"गुरुजी, डॉक्टर म्हनले, या कॅन्सरमागं व्हायरस बी असू शकतो! नक्की हाय का? न्हाई अजून. पर शोध चालू हाय! कळलं तर काय व्हईल? लस निघंल! माझी काढलेली गाठ दवाखान्यात जपून ठेवलीया, ती तपासा म्हनलो, परवानगीची सही बी करून आलो!"

व्हायरस ऐकून मी नकळत मागं सरकलो. त्याच्या ते लक्षात आलं.

"कॅन्सर असा लागत न्हाई, गुरुजी," म्हणत त्यानं हसून ऑइलनं माखलेला हात पुढं केला. शरमून मी तो दोन्ही हातांनी धरला.