पुढच्या रकान्यात

कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात आमची कौंटी, म्हणजे जिल्हा, आहे. इथे गुरं कापायचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात माणसं कुठून कुठून येतात. मी कौंटीच्या निवडणूक कचेरीत कारकून आहे. दर निवडणुकीआधी राज्याकडून तक्ता येतो, त्यात कौंटीवार प्रौढ लोकसंख्या आणि पुढच्या रकान्यात त्यांतले मतदानाला पात्र नागरिक दिलेले असतात. उत्तरेकडच्या गव्हाच्या कौंटीत शंभर प्रौढांमागे अठ्ठ्याण्णव. आमच्याकडे साठ.

उरलेल्या चाळिसांत ओर्तेन्सिया विल्याग्रान होती. मेक्सिकोतल्या मिचोआकानची; सगळे तिला आदराने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. सव्वीस वर्षं कारखान्यात सुरी चालवून तिची बोटं वाकडी झाली होती. मतदानाच्या दिवशी ती सुट्टी टाकायची आणि आपल्या जुन्या गाडीतून शेजारच्या म्हाताऱ्यांना केंद्रावर आणायची. ते आत गेले की ही गाडीतच बसून राहायची.

एकदा माझ्या टेबलावर वाकून म्हणाली, "ह्यात मी कुठे आहे, दाखव की."

"लोकसंख्येत आहात, दोन्या ओर्तेन्सिया. हा पहिला रकाना."

"आणि हा पुढचा?"

"त्यात नाही."

"म्हणजे जेवणावळीला मोजलं, पण पान नाही वाढलं!" ती हसली. मला काही हसता आलं नाही.

कायमच्या वास्तव्याचा परवाना तिच्याकडे केव्हाचा होता. अर्ज केला असता तर नागरिकत्व मिळालंही असतं. पण तिचा नवरा फिदेन्सियो दर नाताळात म्हणायचा, "पुढच्या वर्षी गावी जायचंच आहे, बाई. कागद कशाला बदलायचे?" गावी त्यांनी घर बांधायला घेतलं होतं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर राहिलं. अशी एकवीस वर्षं गेली. फिदेन्सियो गेला तो इथेच, आणि त्याला पुरलंही इथेच, वाऱ्याच्या माळावर.

त्याच वर्षी शाळेच्या नव्या इमारतीचा प्रस्ताव मताला आला. तिच्या नाती पत्र्याच्या खोल्यांत शिकत होत्या. प्रस्ताव अकरा मतांनी पडला.

निकाल ऐकून ती कचेरीत आली. "माझ्या गल्लीत पात्र नसलेले किती असतील, सांग."

"गल्लीचा आकडा नसतो आमच्याकडे."

"मी सांगते. तेवीस." आणि मग हळूच, "अर्ज कुठे मिळतो गं?"

वय आणि वास्तव्य भरत असल्यामुळे परीक्षा तिला स्पॅनिशमध्ये देता आली. भाकऱ्या थापता थापता ती नातींकडून प्रश्न घोकून घ्यायची. विचिटा शहरात नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा ती साठ वर्षांची होती.

पुढच्या नोव्हेंबरात शाळेचा प्रस्ताव परत आला. ओर्तेन्सिया इस्त्रीचा झगा घालून आली, पडद्याआड गेली आणि पंधरा मिनिटं बाहेरच आली नाही. मागची रांग कुरकुरायला लागली.

शेवटी मी विचारलं, "दोन्या, काही अडलंय का?"

"नाही गं, मत केव्हाच दिलं," आतून आवाज आला. "जरा उभी आहे."

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "फिदेन्सियोला काय सांगू आता? गावी जायचं राहूनच गेलं."

त्या वेळी प्रस्ताव मंजूर झाला. गावच्या घरावर मात्र अजून छप्पर नाही. गावाकडून भावाने पाठवलेला त्या घराचा फोटो ती पर्समध्ये ठेवते आणि कुणी मागितला नाही तरी दाखवते.