एकच मास्तर, दोन कॉलेजं

बदामाच्या बागांतून शाळेची बस चालवता चालवता मारिसेला किंटेरोनं एक्केचाळिसाव्या वर्षी गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं पुरी केली. मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळाला. पण घोडं अडलं ते संख्याशास्त्रापाशी.

"हा विषय तुम्हाला परत करावा लागेल," विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या कॉलेजातला आमच्या तोडीचा नाही."

"अहो, हॅल्वर्सन सर सोमवारी आमच्याकडे शिकवतात, मंगळवारी तुमच्याकडे! पुस्तक तेच, गणितं तीच. तुमच्या फाटकातून आत आलं की त्यांना जास्त अक्कल येते का?"

"समितीचा निर्णय आहे, मॅडम. तक्रार करा. सहा महिन्यांत उत्तर येईल."

सहा महिने थांबावं तर प्रवेशच हातचा जायचा. मारिसेलानं दातओठ खात त्याच विषयाला पुन्हा नाव घातलं आणि मंगळवारी पहिल्या बाकावर जाऊन बसली.

हॅल्वर्सन सर वर्गात आले आणि तिला बघून दारातच थबकले. "अगं, तू तर माझ्याकडे पहिली आली होतीस! काय समजायचं राहिलं?"

"मला सगळं समजलंय, सर. तिथले तुम्ही ह्यांना कच्चे वाटता. आता इथं तरी नीट शिकवा."