मास्तरची पोरगी सातासमुद्रापार

फोन कानाशी धरायचा, एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "थांब. दम कुठं घेते ते आयक." आमच्या बँडपार्टीतला क्लॅरनेटवाला असा होता. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. तो नाचणगावचा, मी देवळीचा. मी मोठा ढोल वाजवायचो. शाळा दोघांचीही चौथीच्या पुढं गेली नाही. पण कान त्याला होता, मला नव्हता. खोटं कशाला बोलू?

जिचा दम तो ऐकायचा ती दूर परदेशातली एक गाणारी पोरगी. कारंज्याला वरातीआधी आम्ही ढाब्यावर जेवत होतो. एका ट्रकवाल्याच्या फोनवर तिचं गाणं लागलं. कुठून लागलं ते त्यालाही माहीत नव्हतं. मास्तरनं हातातला घास खाली ठेवला. तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं. आपल्या गावच्या खानावळीत बापाच्या गिटारीवर गायची. हे सगळं मास्तरची लेक फोनवर वाचून त्याला सांगे, आणि तो आम्हाला घरच्या बातमीसारखं सांगे.

"भाषा समजत नाई तं आयकतो काय रे?" मी विचारलं.

"तुले ढोलाची भाषा समजते का?"



पंधरा दिवसांत त्यानं ते गाणं क्लॅरनेटवर बसवलं आणि एका वरातीत वाजवलंही. नाचणारे जागच्या जागी थांबले. नवरदेवाचा मामा ओरडला, "काऊन बे, मयतात आलो का आमी?" बँडच्या मालकानं मास्तरला पुढच्या रांगेतून काढून मागं टाकलं. वराती तुम्हीही पाहिल्या असतील. क्लॅरनेटवाल्याला मागं चालवणं म्हणजे नवरदेवाला पायी चालवणं. माणूस पुढच्या जागेसाठी आतून झुरत होता, पण गाणं त्यानं सोडलं नाही. दोन गाण्यांच्या मधे एखादी ओळ घुसवायचाच.

ती ओळ ओळखणारी गावात एकच बाई. माझी बायको. वरात दारावरून चालली की ओट्यावरून विचारायची, "भाऊ, पोरीचं काय चाललं?"

"कंपनीवाले तिले इंग्रजीत गा म्हणते, वयनी. आयकत नाई ते."

"नोकोच आयकू म्हणा!"

आणि खरंच, आपल्याच स्पॅनिश भाषेत गात ती पोरगी वर चढली. आधी तिच्या देशात, मग शेजारच्या, मग जगभर. मोठमोठी मैदानं भरायला लागली. मास्तर पेढे घेऊन घरी आला. मी हसलो, तर बायकोनं मलाच झापलं, "तुमच्या ढोलानं कधी चौक तरी भरला का?"

शेवटी आमच्याच देवळीत एका नवरदेवानं घोड्यावरून विचारलं, "बँडवाले, ते स्पॅनिश गाणं येते का?" मालकाला मान वळवून मागच्या रांगेकडं पाहावं लागलं. मास्तर पुढं आला. काय वाजवलं त्यानं! लुगड्यातल्या म्हाताऱ्याही नाचल्या. मालक म्हणाला, "उद्यापासून पुढंच चाल."

बायको तेव्हा खाटेवर पडून होती. दोन महिने उठली नव्हती. वरात आमच्या दारासमोर आली आणि मास्तर थांबला. मागं सगळी वरात थांबली, घोडं थांबलं. खिडकीकडं तोंड करून त्यानं तेच गाणं पहिल्यापासून धरलं, पण हळू. मला हातानं खूण केली, ढोल नको. मालक दातओठ खात होता. "पुढं सरक, नाईतं उद्या पुन्हा मागं जाशीन!" मास्तरनं डोळे मिटले आणि गाणं पुरं केलं.

मालकानं बोललेलं खरं केलं. मास्तर मागं गेला तो मागंच राहिला. त्या उन्हाळ्यात बायको गेली, दिवाळीआधी मास्तरही गेला. त्या पोरीला दोघंही माहीत नाहीत. तिचा काय दोष?

पण त्या दिवशी गाणं संपलं तेव्हा मी ढोल गळ्यात तसाच ठेवून खिडकीतून आत पाहिलं होतं. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ द्या आता त्याईले. नवरीवाले वाट पाहून राह्यले असतीन."

मी ढोलावर काठी मारली. वरात निघाली.