धनजच्या पुढे अडलेलं चाक

जर्मनीच्या लढाईच्या वर्षांत मी कारंज्याच्या एका जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, ट्रक चालवत होतो. पेट्रोल मोजूनमापून मिळायचं आणि नवा टायर तर डोळ्यांना दिसत नव्हता. जुन्याच टायरांना आतून तुकडे लावून आम्ही वेळ मारून नेत होतो. चाकं खोलून नटांना ग्रीस लावावं, असं मी मालकाला कितीदा सांगितलं असेल. पण तेवढा वेळ गाडी उभी राहते, हे त्याला खपायचं नाही. गेल्या पावसाळ्यातला चिखल मागच्या डाव्या चाकात तसाच वाळला होता आणि नट गंजून बसले होते. माझ्याबरोबर क्लीनर म्हणून एक म्हातारे मुसलमान गृहस्थ असत, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते रोज त्या चाकाकडे बघून नुसती मान हलवायचे.

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या सकाळी जिनात कापूस टाकणाऱ्या एका माणसाचा हात यंत्रात गेला. किन्हीराजा गावाकडचा धिप्पाड गडी होता. हंगामापुरता बायकोला घेऊन कारंज्याला यायचा. पट्टा काढून यंत्र थांबवेपर्यंत हात कोपरापर्यंत चेचला गेला. गावातल्या डॉक्टरानं दंडाला कापड आवळलं आणि सांगितलं, याला आजच अमरावतीला न्या.

ट्रकमध्ये कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या, त्या बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरवायच्या होत्या. मी मालकाला म्हणालो, "शेठजी, गाठी उतरवून रिकामी गाडी नेतो. लवकर पोचन."

"उतरवाले दुपार होईन," तो म्हणाला. "अन् एका मानसासाठी दोन चकरा कायले? हाय तशी ने."

गाठी उतरवायला खरंच दुपार झाली असती, त्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही. जखमी माणसाला मी माझ्याशेजारी बसवलं, त्याच्या पलीकडे त्याची बायको. चाचा मागे गाठींवर चढले.

धनज मागे पडलं आणि कामरगाव यायच्या आधी मागचा डावा टायर फुटला. गाडी एका अंगाला बसली. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ होती, तिच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही त्या माणसाला बसवलं. ऊन असं होतं की पाना हातात धरवत नव्हता.

गाडी जॅकवर चढवण्याआधी नट सैल करून घ्यावे लागतात, नाहीतर जोर लावताना गाडी जॅकवरून घसरते. पाना लावून मी त्यावर उभा राहिलो. नट हलला नाही. चाचांनी कंदिलातलं रॉकेल काढून सगळ्या नटांवर ओतलं, हातोडीनं चारी बाजूंनी ठोकलं आणि पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. आम्ही दोघं पाइपाला लोंबकळलो. तेव्हा ती बाई पदर खोचून उठली आणि तिनंही पाइप धरला, पण उलट्या दिशेनं.

"बाई, या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात," मी म्हणालो. "हिकडून जोर लावा."

तिनं हात बदलले. तिघांच्या ओढण्यानं एकेक नट किंचाळत सुटू लागला. एकाचे कोपरे गोल झाले, तो चाचांनी छिन्नीनं फोडून काढला. त्यात त्यांच्या बोटांची सालपटं निघाली. शेवटचा एक नट मात्र हटेना. आम्ही थांबत होतो, परत लागत होतो. रस्त्यानं एकही बैलगाडी आली नाही. त्या माणसाच्या हातावरचं फडकं काळं पडत चाललं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या.

तो उठून आमच्यापाशी आला. "मी राह्यतो पायपावर उभा," तो म्हणाला.

"तुमी बसा," त्याची बायको म्हणाली.

"हात गेला माहा. वजन कुठी गेलं?"

चाचा म्हणाले, "बेटा, रगत सुटन."

"हितं बसून तरी काय होऊन राह्यलं, चाचा?"

त्यानं चांगल्या हातानं गाठींचा दोर धरला आणि पाइपाच्या टोकावर चढला. आम्ही तिघांनी खालून ओढलं. त्यानं एकदा अंग उचलून खाली टाकलं. बंदुकीसारखा आवाज झाला, नट फिरला आणि तो गुडघ्यांवर पडला. फडक्यातून ताजं रक्त मातीत गळायला लागलं. बायकोनं तिथंच पदराची पट्टी फाडून हात पुन्हा आवळला. मी आणि चाचांनी मागे बांधलेलं जादा चाक चढवलं.

बडनेऱ्याला न थांबता मी गाडी सरळ अमरावतीच्या दवाखान्यात नेली. सूर्य मावळला होता. डॉक्टरांनी रात्रीच हात खांद्याजवळून कापला. पण विष अंगात भिनलं होतं. ताप उतरलाच नाही आणि त्या आठवड्यातच तो गेला. माती तिथंच दिली.

फुटलेला टायर सांधून मिळेपर्यंत आम्हीही अमरावतीतच अडकलो होतो; मग गाठी बडनेऱ्याला उतरवून परत जाताना मी तिला गाडीत घेतलं. वाटेत ती म्हणाली, "भाऊ, पायपावर चढले म्हनून झालं काय हे?"

"नाई, बाई."

"डाक्तर बोलले तसं?"

मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते नुसतेच हात धूत राहिले होते. "हो, बोलले," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

कारंज्याला पोचल्यावर मालकानं आधी टायरचं विचारलं, नंतर त्या माणसाचं. यंत्रावर दुसरा गडी लागून गेला होता. चाचांनी त्याच दिवशी काम सोडलं. मी सोडलं नाही, कारण माझ्यापाशी दुसरं काम नव्हतं.

पुढच्या हंगामात ती बाई एकटीच आली आणि त्याच जिनात सरकी उचलायला लागली. मी गाठी भरायला गेलो की ती डोक्यावरचं टोपलं सांभाळत बाजूला व्हायची. कधी नजर मिळाली तर मान हलवायची.